तिघांचं पाणी

१

होडीला किती पाणी लागतं, हे धाकट्याला कधी मोजावं लागत नसे. एकटा असला तर चार बोटं पुरत. दोघे असले तर वीतभर, आणि तिघे असले तर वीत आणि वर चार बोटं. दोघा भावांच्या बोलण्यात याला ‘एकट्याचं पाणी’, ‘दोघांचं पाणी’, ‘तिघांचं पाणी’ अशी नावंच पडून गेली होती. वीस वर्षं त्यांनी या अंदाजावर पोट भरलं. शहरातली हौशी माणसं गळ घेऊन यायची. त्यांना खारफुटीच्या पलीकडच्या उथळ पाण्यात न्यायचं, मासा दाखवायचा, लागलाच तर फोटो काढून परत सोडून द्यायचा. सोडायचाच असतो तर पकडता कशाला, असं वहिनीने हा धंदा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं आणि थोरल्याला त्याचं उत्तर शेवटपर्यंत देता आलं नाही.

थोरला जाऊन अकरा महिने झाले होते. तरी धक्क्यावर सगळे याला धाकटाच म्हणत. पंचेचाळिशी उलटलेला, कानशिलं पांढरी झालेला माणूस. आता कुणाचा धाकटा, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्या सकाळी गिऱ्हाईक म्हणून एक दातांचा डॉक्टर आला होता. तो होडीच्या नाकावर रॉड धरून उभा होता. धाकटा मागे, इंजिनावरच्या मचाणावर उभा राहून लांब काठीने होडी ढकलत होता. इंजिन बंद होतं. उथळ पाण्यात इंजिनाचा आवाज गेला की मासा पार पलीकडच्या गावाला पोचतो.

"डॉक्टर, दोन वाजता. चाळीस हात."

डॉक्टरने मनगटावरच्या घड्याळात बघितलं. "आत्ता तर साडेआठच झालेत."

धाकट्याने कपाळावर हात मारून घेतला नाही, एवढंच. होडीचं नाक म्हणजे बारा, उजवा हात म्हणजे तीन, हे त्याने धक्क्यावर दोनदा समजावून सांगितलं होतं. तेवढ्यात मासा निघून गेला. मग त्याने होडी थाळीकडे वळवली. थाळी म्हणजे पाणगवताचा एक उथळ, गोल पट्टा. तिथे मोठे मासे चरायला येतात. आत जायला पाण्याखालचा वाळूचा उंबरठा ओलांडावा लागतो, आणि त्याच्या अलीकडे वाळूचा लांब दांडा आहे, जो ओहोटीला उघडा पडतो. त्या दांड्याजवळून होडी गेली आणि नाकाखालची टपटप थांबली. लाटा नाकाखाली आपटतात तो आवाज. धाकट्याला तो इतका सवयीचा होता की थांबल्यावरच ऐकू आला.

उंबरठ्यावर होडी खर्रकन घासली.

"माझं वजन वाढलंय असं बायकोही म्हणते," डॉक्टर म्हणाला.

धाकट्याने काठी सरळ खाली टेकवून वर काढली आणि ओली खूण बघितली. वीत आणि वर दोन बोटं. दोघांना भरपूर झालं असतं. त्याने पुन्हा टेकवून बघितलं, पुन्हा तेवढंच. डॉक्टर दमून मधल्या बाकावर बसायला गेला आणि लगेच उठला.

"इथे पाणी सांडलंय हो," पँटची मागची बाजू चाचपत तो म्हणाला. त्या दिवशी वारा नव्हता, एक थेंबही होडीत उडाला नव्हता.

२

होडी जड झाली की तिच्या पोटात पाणी शिरलेलं असतं. यात गूढ काही नाही. धाकट्याने मनाची अशी समजूत घातली आणि दुसऱ्याच दिवशी होडी मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्रीने ती लाकडी घोड्यांवर चढवली, बोटांनी ठोकून ठोकून सगळा तळ ऐकला, दोन ठिकाणी बारीक भोकं पाडून बघितली. भोकांतून कोरडा भुसा पडला. मग त्याने क्रेनच्या काट्यावर होडीचं वजन केलं. विकत घेतली त्या दिवशी जेवढं होतं तेवढंच.

"नवरीसारखी आहे," भोकं बुजवत मिस्त्री म्हणाला. "आणि इंजिनाचं तर विचारूच नका. इतकी वर्षं बघतोय, एकदासुद्धा बंद पडलेलं नाही."

असं म्हणाला आणि मग तो गप्प झाला. कारण इंजिन एकदा बंद पडलं होतं, असं धाकट्याने सगळ्या गावाला सांगितलं होतं.

३

थोरला गेला त्या दिवसाचं गिऱ्हाईक आडदांड होतं. थाळीत मासे शेपट्या वर काढून चरत होते, लांबून दिसत होते. ओहोटी संपत आलेली, उंबरठ्यावर वीतभर पाणी. होडीत माणसं तीन.

"मी उतरतो," थोरला म्हणाला. "तुम्ही दोघं जा आत. भरती चढायच्या आत ये म्हणजे झालं."

हे त्यांनी शेकडो वेळा केलं होतं. एकाने दांड्यावर उतरायचं, होडी हलकी करायची, अर्ध्या पाऊण तासाने परत चढायचं. त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. थोरल्याने टोपी सारखी केली आणि हात मागे बांधून, उजवा पाय नेहमीसारखा जरा ओढत, दांड्यावर फेऱ्या मारायला लागला.

थाळीत एक मासा होता. हाताएवढा लांब, रुपेरी, म्हातारा. चार वेळा गळापाशी आला आणि चार वेळा वळला. गिऱ्हाईक घामाघूम झालं होतं. धाकट्याला पाणी फिरलेलं दिसत होतं. गवताची पाती उलट्या दिशेला झुकायला लागली होती, ती त्याने बघितली होती. ‘अजून एकदा टाका’ हे गिऱ्हाईक नाही, तो स्वतः म्हणाला. एकदा नाही, कितीतरी वेळा म्हणाला. पाणी फिरल्यावरही चाळीस मिनिटं गेली. मासा लागला नाही.

परत उंबरठा ओलांडला तेव्हा दांडा नव्हता. नुसतं पाणी होतं आणि ते पलीकडच्या नाळेकडे, खोल पाण्याच्या वाटेकडे, जोरात चाललं होतं. थोरल्याला पोहता येत होतं. त्या ओढीत येऊन न येऊन सारखंच.

चार दिवस शोधलं. काही सापडलं नाही, टोपीसुद्धा नाही. पहिल्या दिवशी होडी धक्क्याला लागली तेव्हा वहिनी उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून. तिने तोंड उघडायच्या आत धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, इंजिन बंद पडलं." गिऱ्हाइकाने मान खाली घातली. ते पुन्हा कधी आलं नाही.

एकदा बोललेलं मग सांभाळावं लागलं. अधिकाऱ्यांपुढे, धक्क्यावर, घरात. वहिनी या घरात आली तेव्हा धाकटा अकरा वर्षांचा होता. त्याला शाळेत सोडायला तीच जायची. तिच्याशी तो आयुष्यात एवढं एकच खोटं बोलला होता आणि ते गिळताही येत नव्हतं, ओकताही येत नव्हतं.

४

मिस्त्रीकडून होडी आणल्यावर एका सकाळी धाकटा एकटाच निघाला. खात्री करून घ्यायची होती.

दांड्यापर्यंत होडी चार बोटांवर तरंगत गेली. नाकाखाली टपटप चालू. दांड्याला वळसा घातला तशी ती किंचित डावीकडे कलली. कुणी काठावर हात टेकून आत पाय टाकला की कलते तेवढीच. मग सरळ झाली आणि टपटप थांबली. त्याने काठी टेकवली. होडी वीतभर पाण्यात बसली होती. दोघांच्या पाण्यात.

त्याने मधल्या बाकाकडे बघितलं नाही. बघायला काय हरकत होती? सकाळचे नऊ वाजलेले, लख्ख ऊन, बाकावर काही नसणार हे त्याला ठाऊक होतं. पण मान वळेना. तो सगळी वाट नाकाच्या पुढे नजर ठेवून परत आला. सगळी वाट होडी जडच राहिली.

घर धक्क्याला लागूनच होतं. दोन खोल्या, पाण्याकडे उघडणारं दार, दारापासून होडीपर्यंत लाकडी फळ्या. त्याने दोर बांधला. तो अजून मचाणावरच होता, आणि होडी वर आली. अलगद, चार बोटांवर. मग फळ्या वाजल्या. एकेक करून, दारापर्यंत. उजवा पाय जरा ओढत चालणाऱ्या माणसाखाली वाजाव्यात तशा.

ऊन तापलं की लाकूड वाजतं. धाकटा अर्धा तास होडीत बसून स्वतःला हेच सांगत राहिला. शेवटी आत गेला तेव्हा वहिनी खिडकीजवळच्या खुर्चीखालची फरशी पुसत होती.

"काय सांडलं?" त्याने विचारलं.

"पाणी," वहिनी म्हणाली, आणि फडकं पिळायला मोरीकडे गेली.

५

त्यानंतर धाकट्याला घरातल्या गोष्टी दिसायला लागल्या. त्या आधीही होत्या, त्याने बघितल्या नव्हत्या. थोरल्याच्या खुर्चीतली उशी रोज सकाळी दोरीवर वाळत असायची. बायका दुःखात काहीबाही धूत बसतात, असं त्याने धरून चाललं होतं. संध्याकाळचा चहा झाला की वहिनी खिडकीजवळ भाजी निवडत बसायची आणि हलक्या आवाजात दिवसभराचं सांगायची. शेजारणीचं, नळाच्या गळतीचं. धाकट्याला वाटायचं आपल्यालाच सांगते आहे. तो हुंकार देत राहायचा. एकदा तो मधे काही बोलला तर तिने जरा दचकूनच बघितलं.

ती बरी दिसत होती. पहिले दोन महिने तिने अंथरूण धरलं होतं, दोन घास जात नव्हते. आता जेवत होती, केस नीट विंचरत होती. कधीकधी हसूही यायचं. घरातल्या माणसाला याचं बरंच वाटायला हवं. धाकट्याला रात्र रात्र झोप लागत नव्हती.

कारण होडी आता रोज जड येत होती. गिऱ्हाईक असो नसो, दांड्यावरून निघताना एक माणूस जास्त. आणि तो का येतो हे धाकट्याला कळत होतं. ज्याला मागे सोडून तू मासा बघत बसलास, तो येऊन तुझ्यासमोर पाठ करून बसतो. काही बोलत नाही. तू बोलावंस म्हणून बसतो. एवढं साधं होतं ते.

तीन वेळा त्याने वहिनीसमोर विषय काढला. "वहिनी, त्या दिवशी..." एवढंच म्हणायचा.

पहिल्यांदा वहिनी म्हणाली, "आधी जेवून घे." दुसऱ्यांदा तिला गॅसवर दूध असल्याचं आठवलं. तिसऱ्यांदा ती काही न बोलता उठली आणि आतल्या खोलीत जाऊन दिवा मालवून पडली. संध्याकाळचे सात वाजले होते. बिचारीला अजून सोसत नाही, असं धाकट्याला वाटलं. त्याने त्या दिवसापुरता विषय सोडून दिला.

चौथ्यांदा तीच बोलली. "मला एकदा तिथे ने," ती म्हणाली. "कुठे उभा होता ते बघायचंय मला."

६

ते सकाळी निघाले. ओहोटी होती, दांडा पुरता उघडा. वहिनी होडीत बसायला बिचकत नव्हती, पण मधल्या बाकावर ती एका कडेला बसली. बाक दोघांचा होता. धाकट्याने ते बघितलं आणि काठी पाण्यात टाकली.

दांड्याला लागल्यावर तिने तरंगायचं जॅकेट काढून बाकावर ठेवलं आणि चपला हातात घेतल्या.

"जॅकेट राहू दे ना अंगात."

"गुदमरायला होतं. पाणी घोट्याएवढंसुद्धा नाही." ती उतरली. ओल्या वाळूवर दोन पावलं टाकून वळली. "तू जरा लांब जा, धाकट्या. तू इथे असलास की मला बोलता येणार नाही. अर्ध्या तासाने ये."

भरती लागायला अजून वेळ होता. तो डोळ्यांआड जाणार नव्हता. तरी त्याचा पाय निघेना. "कुठे जाऊ नकोस हं," तो म्हणाला, आणि काठी टेकून उंबरठ्यापर्यंत गेला. शंभर हात.

वहिनी उतरल्यावर होडी वर यायला हवी होती. ती आली नाही.

अर्धा तास त्याने घड्याळावर काढला. वहिनी दांड्याच्या टोकाला उभी होती, पाठमोरी. बोलत होती की नाही, कळत नव्हतं. गवताची पाती उलटी झुकायला लागली तेव्हा त्याने काठी रोवून जोर लावला. होडी हलली नाही. पुन्हा लावला. तळ वाळूला चिकटलेला होता. ठीक आहे, त्याने विचार केला, पाणी चढतंय, आपोआप सुटेल.

पाणी चढलं. दोघांचं झालं, मग तिघांचं झालं. होडीच्या अंगावरून वर सरकत ते नेहमीच्या रेषेच्या वर गेलं, आणि होडी जागची उठली नाही. त्याने इंजिन चालू केलं. ते पहिल्या झटक्यात सुरू झालं, पंख्याने नुसती वाळू उडवली. त्याने पाय खाली टाकून बघितला तर भुसभुशीत वाळूत मांडीपर्यंत गेला, तळ लागला नाही. पाय ओढून काढताना बूट आतच राहिला. पाणी काठाच्या चार बोटं खाली आलं होतं.

मधल्या बाकावरचं जॅकेट चपटं झालं होतं. आतला फोम दबून कडांनी बाहेर फुगला होता, आणि त्यातून पाण्याची धार तळावर गळत होती.

"धाकट्या!" वहिनीचा आवाज पाण्यावरून आला. तिच्या गुडघ्यांपर्यंत पाणी होतं. ती ओरडत नव्हती, फक्त विचारत होती. "काय झालं?"

धाकट्याने तोंड उघडलं. "वहिनी, इंजिन..."

पुढचा शब्द जिभेवर तयार होता. अकरा महिने तिथेच होता तो. पायाखाली इंजिन व्यवस्थित गुरगुरत होतं. त्याने हात खाली नेऊन ते बंद केलं. आता इतकं शांत झालं की कुजबुजला असता तरी तिला ऐकू गेलं असतं.

"त्या दिवशी इंजिन बंद नव्हतं पडलं," तो म्हणाला. "मला पाणी फिरलेलं दिसलं होतं. मी मासा बघत बसलो. दादा तिथे उभा आहे हे मला माहीत होतं. मी अजून एकदा, अजून एकदा करत बसलो, वहिनी."

ऊन त्याच्या पाठीवर होतं. होडीची सावली समोर डाव्या अंगाला पाण्याखालच्या वाळूवर पडली होती. उथळ पाण्यात काम करणारा माणूस आपल्या सावलीवर सतत लक्ष ठेवतो, कारण तिला मासा बुजतो. सवयीने त्याची नजर तिकडे गेली. होडी, मचाण, मचाणावर तो स्वतः, हातात काठी. आणि मधे, बाकाच्या जागी, एक वाकलेली पाठ. हात गुडघ्यांवर.

ती सावली उठून उभी राहिली. होडी डावीकडे कलली, पाणी काठावरून आत आलं, आणि मग ती एकदम सुटली, इतक्या जोरात वर आली की तो मचाणावरून पडता पडता राहिला. सावरून बघितलं तेव्हा वाळूवर त्याची एकट्याचीच सावली होती. पाण्यात मात्र गढूळ ठिपके उठत होते, एकापुढे एक, चालणाऱ्याच्या पावलाखाली उठतात तसे. ते वहिनीकडे जात नव्हते. नाळेकडे जात होते.

७

त्याने वहिनीला उचलून आत घेतलं तेव्हा तिच्या छातीपर्यंत पाणी आलं होतं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, नाळेकडे बघत होती. त्याने स्वतःचा सदरा तिच्या खांद्यांवर टाकला आणि तिच्यासमोर तळात बसून लहान मुलासारखा रडला. मारावं, शिव्या द्याव्यात, काहीतरी करावं तिने, असं त्याला वाटत होतं.

सदरा अंगाभोवती ओढून घेत वहिनी म्हणाली, "मला माहीत होतं."

त्याने वर बघितलं.

"मिस्त्रीने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. इंजिनाला काही झालेलंच नाही म्हणून."

"मग बोलली का नाहीस? एवढे दिवस?"

"बोलले असते तर तू लगेच कबूल झाला असतास. तुला ओळखत नाही का मी?" ती सावकाश, दमल्यासारखी बोलत होती. "तुझ्या मागे यायचा तो. माझ्यासाठी नव्हता येत. पण घरी तर येत होता रे. संध्याकाळी खुर्चीत बसायचा, मी बोलायचे. तुला सांगून टाकायचंय हे मला तुझ्या तोंडावर दिसायचं आणि मी उठून जायचे. आजही मी त्याला हेच सांगत होते, की धाकटा काही बोलला तरी तू येत जा."

पाणी सगळीकडे सारखं पसरलं होतं, दांडा कुठे होता ते कुणाला दाखवता आलं नसतं. वहिनी बाकाच्या मधोमध सरकून बसली.

तो उठला आणि इंजिनाकडे गेला.

"नको चालू करू," ती म्हणाली. "सावकाश ने. आता घरी कुणी यायचं नाहीये."

त्याने काठी उचलली. घरापर्यंतचं ते अंतर त्याने काठीनेच कापलं. पोचायला दुपार झाली.